तीन नंबरची हवा जाते कुठे? कॉम्प्रेशन उतरलेल्या इंजिनाचा तपास

चार सिलिंडर, १.२ लिटर, सोळा व्हॉल्व्हचं पेट्रोल इंजिन. गॅस किट बसवलेलं, आणि बहुतेक किलोमीटर गॅसवरच झालेले. तक्रार अशी की सकाळी थंड असताना गाडी ठीक चालते, गरम झाली की आयडलला (पेडल न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) थरथरते, चढाला पिकअप देत नाही. आरपीएम अडीच हजारांच्या वर नेले की थरथर जवळजवळ नाहीशी होते. स्कॅनरवर एकच कोड, पी ०३०३, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरला मिसिंग, तिथे इंधन नीट पेटत नाही.

आरपीएम वाढल्यावर थरथर कमी होते, ही बाब मी सगळ्यात आधी लिहून ठेवली. आठशे आरपीएमला पिस्टनला खालून वर जायला साधारण ३७ मिलिसेकंद लागतात, अडीच हजारांना फक्त १२. सिलिंडरला कुठे फट असेल तर आयडलला हवा गळायला तिप्पट वेळ मिळतो. ठिणगी देणारी कॉइल किंवा प्लग कमजोर असेल तर बहुधा उलटं होतं. आयडलला चालून जातं आणि लोड पडला की गाडी झटके देते.

तरीही इग्निशन तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण त्याला दहा मिनिटं लागतात आणि हेड (सिलिंडरांवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवायला दिवस जातो. तीन नंबरची कॉइल आणि प्लग दोन नंबरला लावले, दोनचे तीनला लावले, कोड पुसला आणि इंजिन गरम होईपर्यंत चालवलं. कोड पुन्हा तीनवरच आला. इंजेक्टरचा प्रश्न इथे आपोआप सुटला, कारण गॅसवर आणि पेट्रोलवर मिसिंग सारखंच होतं आणि दोन्ही इंधनांचे इंजेक्टर वेगळे आहेत. उरलं ते यांत्रिक.

इंधनाचा फ्यूज काढून पाच सेकंद सेल्फ मारला आणि नुसतं ऐकलं. चारही सिलिंडर सारखे असतील तर सेल्फचा आवाज एका लयीत येतो. इथे दर चौथ्या ठोक्याला मोटर हलकी होऊन पळत होती. दाब मोजणारं गेज लावण्याआधीच कळतं की एका सिलिंडरमध्ये दाबायला हवाच उरत नाही. ज्यांच्याकडे ऑसिलोस्कोप आणि करंट क्लॅम्प आहे त्यांना हाच प्रकार बॅटरीच्या केबलवर पडद्यावर दिसतो. तीन उंच लाटा आणि एक बुटकी. प्लग काढायला अवघड असलेल्या इंजिनांवर हा मार्ग फार सोयीचा आहे.

आता गेज. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजणं, दिसते सोपी, पण चुकीचे आकडे येण्याच्या वाटा इतक्या आहेत की तयारीवर जितका वेळ घालवाल तितका कमीच.

इंजिन गरम हवं, कारण पिस्टन, त्याभोवतीच्या फट बुजवणाऱ्या रिंगा आणि व्हॉल्व्ह आपापल्या चालत्या मापाला आलेले असतात. पण हेड ॲल्युमिनियमचं असतं, आणि कडक गरम हेडमधून प्लग ओढून काढले तर आटे सोलून येऊ शकतात. म्हणून थंड असतानाच प्लगच्या खोबणीत हवा मारून माती उडवली, प्रत्येक प्लग पाव फेरा सैल करून परत हलका आवळला, मग इंजिन गरम केलं आणि कोमट झाल्यावर प्लग काढले. खोबणीतली माती आधी उडवली नाही तर ती थेट सिलिंडरमध्ये पडते आणि सेल्फ मारताना व्हॉल्व्हखाली अडकते. मग नसलेली गळती तुम्हीच तयार करता.

चारही प्लग काढायचे. एकच प्लग काढून गेज लावलं तर बाकीचे तीन सिलिंडर सेल्फला अडवतात, वेग पडतो आणि आकडा कमी येतो. सेल्फवर इंजिन साधारण २०० ते २५० आरपीएमला फिरायला हवं. बॅटरी स्थिर असताना १२.६ व्होल्ट असावी आणि सेल्फ मारताना दहाच्या फार खाली जाऊ नये. मी चार्जर जोडूनच ठेवतो, म्हणजे पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला सारखाच वेग मिळतो.

कॉइलचे सगळे कनेक्टर काढले. उघड्या प्लग-भोकातून इंधनाची वाफ येत असते, तिथे ठिणगी पडता कामा नये. शिवाय कॉइलला ठिणगी टाकायला जागा मिळाली नाही तर ती आतून जळू शकते. इंधन पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं, इंजेक्टरचा फ्यूजही काढला, गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला. इंधन चालू ठेवून सेल्फ मारत राहिलं तर बोअरवरची (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरची) ऑईलची फिल्म धुतली जाते आणि चांगल्या सिलिंडरचा आकडाही खाली येतो.

थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेवरची पाकळी, पूर्ण उघडा हवा. केबलवाल्या गाडीत पेडल तळाला दाबलं की झालं. या गाडीत थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, आणि काही गाड्यांत सेल्फ मारताना पेडल दाबूनही पाकळी पूर्ण उघडत नाही. म्हणून इनटेक पाइप काढून पाकळी उघडते का ते डोळ्यांनी पाहिलं. एकदा मुद्दाम बंद थ्रॉटलवर एक नंबर मोजला, तर १७८ ऐवजी १२५ आले. चारही आकडे एकसारखे कमी आले की लोक रिंगांचं काम काढतात. त्याआधी पाकळी बघा.

गेजची नळीसुद्धा महत्त्वाची. हवा परत येऊ न देणारा छोटा व्हॉल्व्ह नळीच्या प्लगकडच्या टोकाला असतो, कारण तो गेजकडे असता तर नळीतली पोकळीही सिलिंडरच्या पोकळीत मिळाली असती आणि आकडा खाली आला असता. तो दिसायला टायरच्या व्हॉल्व्हच्या पिनसारखा असतो, पण त्याची स्प्रिंग मऊ असते. खराब झाल्यावर कुणी त्या जागी टायरची पिन घातली असेल तर गेज कायम कमी दाखवतं. अडॅप्टरचे आटे प्लगच्या आट्यांइतकेच लांब हवेत. इथे प्लग १४ मिलिमीटर व्यासाचा, १.२५ पिचचा, १९ मिलिमीटर लांबीचा. जास्त लांब अडॅप्टर पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला भिडू शकतो.

प्रत्येक सिलिंडरला सहा ठोके, म्हणजे पिस्टनने सहा वेळा हवा दाबणं, ना कमी ना जास्त. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने गेजसमोर बसून प्रत्येक ठोक्याचा आकडा बोलायचा. फक्त शेवटचा आकडा लिहून ठेवणारे अर्धी माहिती फेकून देतात. एक नंबर असा चढला: १००, १५०, १६९, १७५, १७८, १७८. दोन नंबर १८२ वर थांबला, चार नंबर १७५ वर. तीन नंबर: ६०, ८२, ९१, ९५, ९६, ९६. सगळे आकडे पीएसआयमध्ये, १४.५ पीएसआय म्हणजे एक बार.

सर्वसाधारण कसोटी अशी की सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली नसावा. १८२ चे ७५ टक्के १३६. इथे ९६, म्हणजे ५३ टक्के. कंपनीच्या पुस्तिकेत किमान दाब आणि सिलिंडरांमधला चालण्याजोगा फरक दिलेला असतो, आणि तो या ढोबळ कसोटीपेक्षा कडक असू शकतो, तेव्हा पुस्तिकाच धरावी. एकूण आकडा किती असावा यावर मी फार जोर देत नाही. दहाला एक कॉम्प्रेशन रेशोचं, म्हणजे हवा एक दशांश जागेत दाबणारं इंजिन गणिताने २७५ पीएसआयच्या आसपास दाखवायला हवं, पण इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर निघाल्यावरही काही काळ उघडा असतो आणि उष्णता भिंतींत जाते, म्हणून गेजवर १७० ते १९० दिसतात. समुद्रसपाटीपासून उंचावर हाच आकडा आणखी उतरतो. चार सिलिंडरांमधला टक्क्यांतला फरक मात्र उंचीने फारसा बदलत नाही.

आता त्या चढत्या आकड्यांकडे बघा. रिंगा झिजल्या असतील तर पहिला ठोका कमी येतो आणि मग प्रत्येक ठोक्याला आकडा हळूहळू वर सरकत राहतो, कधीकधी जवळजवळ बरोबरीला येतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर आकडा सुरुवातीलाच कमी असतो आणि लवकर अडकतो. तीन नंबर चौथ्या ठोक्यालाच जवळजवळ थांबला होता. हा अंदाज आहे, पुरावा नाही.

पुढची पायरी ओली टेस्ट. प्लगच्या भोकातून एक चमचा, म्हणजे ५ मिली इंजिन ऑईल घालायचं, दोन फेरे फिरवून ते रिंगांभोवती पसरू द्यायचं आणि परत सहा ठोके मोजायचे. ऑईल रिंगांची फट तात्पुरती बुजवतं, त्यामुळे रिंगा दोषी असतील तर आकडा चांगलाच उडी मारतो. व्हॉल्व्हपाशी ऑईल पोहोचत नाही, त्यामुळे तिथे फारसा फरक पडत नाही. पण इथे एक सापळा आहे. ३०० सीसीच्या या सिलिंडरमध्ये पिस्टन वर असताना डोक्यावर उरणारी जागा फक्त ३३ सीसी आहे. त्यात ५ मिली ऑईल पडलं की जागा २८ उरते आणि रेशो दहावरून साडेअकराच्या वर जातो. म्हणजे निरोगी सिलिंडरचा आकडाही वाढणारच. पंधरा मिली ओतलं तर रेशो सतराच्या वर जाईल आणि कुठलाही सिलिंडर ‘सुधारलेला’ दिसेल.

म्हणून ओली टेस्ट मी नेहमी एका चांगल्या सिलिंडरवरही करतो. एक नंबर १७८ वरून १९९ वर गेला. तीन नंबर ९६ वरून १०४ वर. तीनची वाढ निरोगी सिलिंडरपेक्षाही कमी आहे, तेव्हा रिंगांवरचा संशय उतरला. पिस्टनला भोक पडलं असेल किंवा रिंगांची पट्टी तुटली असेल तरी ऑईलने फरक पडत नाही, ती शक्यता अजून शिल्लक आहे. आडव्या सिलिंडरच्या इंजिनात ऑईल एका बाजूला साठतं, तिथे या टेस्टवर विसंबू नये. आणि डिझेलला ही टेस्ट करूच नये. तिथे वरची जागा मुळातच इतकी थोडी असते की ऑईलने दाब धोकादायक वाढतो, आणि त्या दाबाला ऑईल पेटूही शकतं. डिझेलला गेजही वेगळं लागतं, कारण तिथले आकडे पेट्रोलच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतात, आणि ते ग्लो प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या जागी बसतं.

इथपर्यंत कळलं की तीन नंबर गळतो आणि बहुधा रिंगांतून नाही. बरेच जण इथेच हेडच्या बोल्टला पाना लावतात. मी लावत नाही. हवा नेमकी कुठून बाहेर पडते हे हेड जागेवर असतानाच विचारता येतं. हेड उतरलं की तो प्रश्न विचारायची सोय जाते, मग दिसेल ते दुरुस्त करत बसावं लागतं.

त्यासाठी लीक-डाउन टेस्टर. एका बाजूने कॉम्प्रेसरची हवा १०० पीएसआयवर स्थिर करायची, मधे बारीक छिद्र, आणि छिद्रापलीकडे दुसरं गेज. सिलिंडर घट्ट असेल तर दोन्ही गेज जवळजवळ सारखी राहतात. गळत असेल तर दुसरं खाली पडतं, आणि जितकं पडलं तितके टक्के गळती. दहा टक्क्यांपर्यंत उत्तम, वीसपर्यंत चालण्यासारखं, तिसाच्या पुढे कारण शोधायलाच हवं. आकड्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे हवा सतत येत असते, त्यामुळे निवांतपणे कान लावत फिरता येतं.

पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला हवा, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद. पिस्टन वर येण्याची वेळ एका फेऱ्यात एकदा येते, म्हणजे चार स्ट्रोकमध्ये दोनदा, आणि त्यातल्या एका वेळी व्हॉल्व्ह उघडे असतात. ती चूक झाली तर टेस्टर शंभर टक्के गळती दाखवतो आणि माणूस घाबरतो. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे, त्यामुळे तीन नंबर कॉम्प्रेशनच्या टोकाला असताना दोन नंबरचे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात. टॅपेट कव्हर उघडून दोन नंबरचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफा) ‘झुलताना’ दिसले की तीन नंबर जागेवर आला.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. या इंजिनाचा बोअर ७३ मिलिमीटर. १०० पीएसआय लावले की पिस्टनवर जवळजवळ ३०० किलोचा जोर येतो. पिस्टन टोकापासून थोडा जरी इकडेतिकडे असेल तर क्रँक झटक्याने फिरतो, आणि क्रँकच्या बोल्टवर पाना तसाच राहिला असेल तर तो हाताचं हाड मोडू शकतो. पाना काढून घ्यायचा, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढायचा, आणि हवा आधी १५ पीएसआयवर सोडून क्रँक हलत नाही ना ते बघायचं. मगच दाब वाढवायचा.

एक नंबर आठ टक्के. तीन नंबर अठ्ठावन्न.

आता ऐकायचं. थ्रॉटलपाशी फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरच्या तोंडाशी आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑईल भरायच्या झाकणातून किंवा डिपस्टिकच्या नळीतून आली तर रिंगा, बोअर किंवा पिस्टन. थोडी फुसफुस तिथे निरोगी इंजिनातही असते, कारण रिंगेच्या दोन टोकांत फट ठेवलेलीच असते. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट, किंवा हेडला तडा. रेडिएटरचं झाकण अर्थातच इंजिन थंड असतानाच उघडायचं. कान जवळ नेण्याऐवजी हातभर रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं संशयाच्या जागी धरलं की आवाज नेमका कळतो.

थ्रॉटल शांत. ऑईलच्या झाकणात एक नंबरइतकीच फुसफुस. रेडिएटर स्थिर. सायलेन्सरच्या तोंडाशी पातळ कागद धरला तर तो फडफडला. आणि त्याच वेळी शेजारच्या दोन नंबरच्या प्लगच्या भोकातूनही हवा येत होती.

इथे भलेभले चुकतात. शेजारच्या सिलिंडरमधून हवा म्हणजे दोघांच्या मधलं गॅसकेट फुटलं, हा पाठ केलेला नियम. पण आत्ता दोन नंबरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडे उघडे आहेत, हे आपण वर पाहिलं. तीन नंबरच्या गळक्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून हवा मॅनिफोल्डमध्ये जाते आणि तिथून उलटी दोन नंबरमध्ये शिरून प्लगच्या भोकातून बाहेर येते. एक नंबरच्या भोकातही हात धरला तर तिथेही वारा लागला, कारण तो पॉवर स्ट्रोकच्या तळाशी आहे आणि त्याचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायला लागलेत. तीनची हवा गॅसकेटमधून एकपर्यंत पोहोचायची तर मधला दोन नंबर ओलांडावा लागेल. शिवाय दोन नंबरचं कॉम्प्रेशन १८२ आहे, चौघांत सर्वांत जास्त. मधलं गॅसकेट फुटलं असतं तर दोन आणि तीन दोन्ही पडले असते. प्लगच्या भोकांत प्लग परत लावल्यावर सायलेन्सरकडचा वारा वाढला, आणि मग शंका उरली नाही.

व्हॉल्व्हखाली कार्बनचा कण अडकूनही अशी गळती होते. दाब चालू ठेवून एक्झॉस्टच्या रॉकरवर प्लॅस्टिकच्या हातोडीने दोन अगदी हलके ठोके दिले. पिस्टन वरच आहे, जोरात मारलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटेल. गळती ५८ वरून ५६ झाली. म्हणजे कण नव्हे.

टॅपेट कव्हर उघडंच होतं, त्यामुळे फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, घेतलं. या इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे थंड असताना इनटेकला ०.१५ ते ०.२० आणि एक्झॉस्टला ०.२५ ते ०.३० मिलिमीटर क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीतली फट) हवा. इनटेकचे आठही जागेवर. एक्झॉस्टचे सातजण ०.१२ ते ०.१९, म्हणजे सगळेच घट्ट. तीन नंबरच्या एका एक्झॉस्टला ०.०४ ची पातळ पातीही जाईना.

कारण आता स्पष्ट होतं. गॅसवर व्हॉल्व्ह आणि सीट (हेडमधली व्हॉल्व्ह टेकण्याची कडी) यांच्यात पेट्रोलसारखा ओलावा राहत नाही, सीट हळूहळू झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसत जातो. व्हॉल्व्हची दांडी तितकी वर येते आणि रॉकरशी असलेली फट खाते. टॅपेट सैल झाला की खडखड ऐकू येते, घट्ट झाला की इंजिन उलट शांत होतं, म्हणून कुणाला कळत नाही. गरम झाल्यावर दांडी लांबते, उरलेली फट संपते आणि व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकेनासा होतो. थंड ठीक आणि गरम खराब, हे त्यामुळे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतांश उष्णता सीटवर टेकलेला असतानाच हेडला देतो. टेकलाच नाही तर कडा तापते, तिथून पेटता वायू निसटतो, आणि ती जागा कापत जातो.

हेड उतरवण्याआधी एक संधी द्यायला हवी होती. लॉकनट सैल करून सगळ्या एक्झॉस्टची फट ०.२८ वर आणली आणि परत मोजलं. व्हॉल्व्ह वेळेत सापडला असता तर इथेच काम संपलं असतं. कॉम्प्रेशन ९६ वरून ११८, गळती ५८ वरून ४१. सुधारलं, पण पुरेसं नाही. बारीक कॅमेरा प्लगच्या भोकातून सोडून पिस्टन खाली घेतला आणि वर वळवून पाहिलं. एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला फिकट पांढुरका पट्टा आणि त्यात नखाएवढी खाच. बोअरवर होनिंगच्या तिरप्या रेषा अजून दिसत होत्या, खोल ओरखडा नव्हता. पिस्टन शाबूत. म्हणजे काम हेडपुरतंच, खालच्या भागाला हात लावायची गरज नाही. हा निर्णय घेता आला यातच सगळ्या तपासाची किंमत वसूल झाली.

हेडचं काम थोडक्यात. टायमिंग चेनच्या खुणा जुळवून रंगाने ठळक केल्या, चेन तारेने बांधून ठेवली. बोल्ट बाहेरच्या टोकांकडून मध्याकडे, दोन-तीन टप्प्यांत सैल केले. हेड उलटं ठेवून, प्लग लावून प्रत्येक चेंबरमध्ये रॉकेल भरलं. तीन नंबर दहा सेकंदांत एक्झॉस्टच्या वाटेने रिकामा झाला, बाकीचे बराच वेळ टिकले. सरळपट्टी आणि फिलर गेजने हेड तपासलं, लांबीत ०.०५ मिलिमीटरच्या आत सरळ होतं.

नवीन व्हॉल्व्ह घालण्याआधी गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी, बघायलाच हवं. गाइड झिजलं असेल तर व्हॉल्व्ह वाकडा टेकतो आणि नवाही तसाच जळतो. दांडी मायक्रोमीटरने मोजली, गाइडमधली फट पुस्तिकेच्या मर्यादेत होती. एक्झॉस्टच्या सीट आठही बदलल्या, गॅसला टिकणाऱ्या कडक धातूच्या. फक्त तीन नंबरची बदलून भागलं असतं, पण सातजण त्याच वाटेवर होते हे फिलर गेजने आधीच सांगितलं होतं. सीट ४५ अंशांत कापल्यावर दांडीची उंची मोजली. ती वाढली तर ॲडजस्ट करायला स्क्रूच उरत नाही. निळा रंग लावून टेकण्याची रेघ अखंड आणि कडेच्या मध्यावर येते का ते पाहिलं, मगच बारीक पेस्टने हलकं लॅपिंग, आणि नंतर पेस्टचा कणही राहणार नाही इतकं धुणं. व्हॉल्व्हची ऑईल सीलं नवीन.

ब्लॉकचा माथा प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ केला. ग्राइंडरची घासचकती तिथे लावू नये, तिची पूड ऑईलमध्ये जाऊन बेअरिंगं खाते. बोल्टच्या भोकांतलं ऑईल आणि कूलंट हवेने उडवलं, कारण तळाला द्रव राहिला तर बोल्ट आवळताना ब्लॉक तडकू शकतो. बोल्ट ताणून आवळायचे होते, म्हणून नवीन घेतले. मध्यातून बाहेर, आधी टॉर्क पान्याने, मग पुस्तिकेत दिलेल्या अंशांनी. सेल्फ मारण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून टायमिंगच्या खुणा परत जुळतात का ते पाहिलं.

वर ‘बहुधा’ म्हणत बाजूला ठेवलेल्या शक्यताही नोंदवतो, कारण दुसऱ्या गाडीत त्याच खऱ्या निघतील. चारही सिलिंडर सारखेच कमी आले तर थ्रॉटलनंतर टायमिंग बघायचं. चेन किंवा बेल्ट एखादा दात सरकला की व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी बंद होतात आणि सगळ्यांचाच दाब पडतो. शेजारचे दोन कमी असतील तर मधलं गॅसकेट. इंधनाने बुडालेलं इंजिन बोअर धुतलं गेल्याने कमी दाखवतं, ते ओल्या टेस्टनंतर जागेवर येतं आणि चालू झाल्यावर तसंच राहतं. हायड्रॉलिक टॅपेटची इंजिनं कधीकधी टॅपेट फुगून राहिल्यामुळे व्हॉल्व्ह उघडा ठेवतात. आणि एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा ठळक जास्त आला तर खूश होऊ नये, आत कार्बन साठून जागा कमी झालेली असते.

पाचशे किलोमीटरनंतर, तीच बॅटरी, तेच गेज, तेच सहा ठोके: १८०, १८३, १७७, १७८. तीन नंबरची गळती नऊ टक्के. एक्झॉस्टची फट आठही ठिकाणी ०.२६ ते ०.२८. हे सगळे आकडे किलोमीटरसह बॉनेटच्या आतल्या बाजूला कागदावर चिकटवले आहेत. पुढची तपासणी पुस्तिकेत पेट्रोलसाठी दिलेल्या अंतराच्या निम्म्यावर, आणि तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह किती सरकला ते या कागदाशीच ताडून बघायचं.